रस्त्याचे पैसे

वेंकटराव कुणाकडे ग्राइंडर बघायला गेले, की हत्यारांची पिशवी आधी उघडत नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "रिकामा फिरव, अम्मा." दगड फिरू लागला की डोळे मिटून ऐकतात, जणू कुणी गायला बसलंय. मग विचारतात, "इडल्या चपट्या कधीपासून होतायत?"

"पोंगलपासून," बाई सांगते.

"मग पोंगललाच बोलवायचं. एवढे दिवस उगाच उडदाच्या डाळीला शिव्या घातल्यात."

इडली-डोशाचं पीठ वाटायचा हा विजेचा ग्राइंडर तंजावरात घरोघरी. आत काळ्या दगडाचं भांडं आणि त्यात फिरणारा दगड. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला, की तांदूळ त्याच्यावर नुसते घसरगुंडी खेळतात, वाटले जात नाहीत. मग छिन्नी घेऊन त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. पूर्वी पाट्या-वरवंट्याला टाकी देत, तेच काम. फरक एवढाच, की टाकी देणारा आता मोपेडवरून येतो.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांत हे काम करणारे वेंकटराव एकटेच. बाकीच्यांची मुलं बँकेत, कॉलेजात, कचेऱ्यांत. वेंकटरावांच्या वडिलांनी, सांबशिवरावांनी, कारकुनी सोडून छिन्नी धरली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. त्यांच्याच घरच्या पाट्यांना पुढे सांबशिवरावांनी टाकी दिली, ती गोष्ट वेगळी.

सांबशिवरावांचा एक नियम होता. काम दगडाचं, पैसे दगडाचे. रस्त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. शेजारच्या घरी जो दर, तोच दूर पापनाशमपलीकडच्या खेड्यात. "रस्ता काय आपण बांधला?" असं ते विचारत. त्यांना विचारायला काय जात होतं! ते सायकलवरून जायचे, आणि सायकल वाटीभर ताकभातावर चालते. वेंकटरावांची मोपेड ताकभात खात नाही.

पेट्रोलचा भाव वाढला, की चहाच्या टपरीवर त्यांची जीभ छिन्नीसारखी चालायची. "अरे, आपण पेट्रोल घेतो कुठे? आपण कर विकत घेतो, त्यात थोडं पेट्रोल मिसळलेलं असतं. दिल्लीचा कर आहेच, वर आपल्या राज्याचा. राज्याने तरी आपला काढावा. हवा तर दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर चिमूट-चिमूट लावावा. अस्क्यांनी थोडा थोडा द्यावा!" गल्लीतल्या मराठीत 'सगळे' अजून 'अस्के'च आहेत.

घरी हेच बोलले, तर सुंदरी, त्यांची बायको, भाजी चिरता चिरता म्हणायची, "म्हणजे गाडी तुमची आणि कर माझ्या साबणावर. छान!"

पण तिलाही दिसत होतं. मंगळवारी संध्याकाळी नवरा घरी येतो तो धुळीने पांढरा आणि खिशाने हलका. मंगळवार म्हणजे वडक्कुकरै. बाकीची खेडी एका वाटेवरची, माळेत ओवल्यासारखी. हे एकच गाव पापनाशमहून आत, कालव्यापलीकडे, जिथे रस्ता संपतो. चार-पाच घरांचं काम आणि त्यासाठी टाकीभर पेट्रोल.

"सोडा ते गाव," सुंदरी म्हणाली.

"सोडलं तर तिथे जाणार कोण?"

ते खरं होतं. दुकानदार नवा ग्राइंडर विकायला तयार, जुन्याला टाकी द्यायला कुणी जात नव्हतं. आणि तिथे भुवना होती. तिचा नवरा तिरुप्पूरला गिरणीत, पैसे पाठवले तर पाठवले. भुवना शाळेच्या वळणावर इडल्या विकायची. सगळा संसार एका जुन्या ग्राइंडरवर फिरत होता, आणि तो ग्राइंडर वेंकटरावांनीच तिला कुठूनसा जुना मिळवून दिला होता. दगड गुळगुळीत झाला, की तिचं घर थांबायचं.

तेव्हा वेंकटरावांनी मधला मार्ग काढला. गाव सोडायचं नाही, पण तिथल्या घरांकडून रस्त्याचे पैसे घ्यायचे. वडील असते तर बोलले असते. पण वडील नव्हते, आणि पंपावरचा काटा कुणासाठी थांबत नव्हता.

त्या मंगळवारी भुवनाच्या अंगणात ते जरा जास्तच वेळ छिन्नी चालवत बसले. दगड धुतला, मूठभर कोंडा वाटून तो दगडाच्या भुकटीसकट फेकून दिला, पट्टा ताणून बघितला. बोलायचं ते पिशवीची दोरी बांधता बांधता बोलले.

"भुवना, यापुढे रस्त्याचे थोडे पैसे द्यावे लागतील. पेट्रोलचं काय चाललंय, बघतेस ना?"

"मी कुठलं बघणार, रायरे?" ती हसली. तमिळ माणसं तिथल्या मराठी रावांना रायर म्हणतात. "माझ्याकडे ना गाडी, ना इंजिन. बाजाराला जाते ती टाऊन बसने, बायकांना तिकीट नाही. पेट्रोलची आणि माझी तोंडओळखसुद्धा नाही."

"ते खरं, पण..."

"देते हो. तुमच्याशिवाय इथे कोण येतं?" तिने डब्यातून पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "पुढच्या वेळेची वाट कशाला? आजही पेट्रोल जाळूनच आलात ना?"

मग पदराने कपाळ पुसत ती जणू स्वतःशीच म्हणाली, "इडलीचा भाव वाढवता यायचा नाही. शाळेची पोरं घरून नाणी आणतात, तेवढीच आणतात. साचा बदलते. पापनाशमला लहान वाट्यांचा मिळतो."

तिने टोमणा मारला नव्हता. उन्हाचे दिवस आले, पातळ साडी नेसते, असं सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच ते वेंकटरावांना टोचलं. परतताना कालव्याच्या पुलावर मोपेड बंद पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. किक मारत होते, आणि डोळ्यांसमोर लहान वाट्यांचा साचा.

गल्लीत रामनवमीचा उत्सव होतो. दिवसभर पानकम्, म्हणजे गुळाचं पाणी, आणि ताक, संध्याकाळी गाणं किंवा पट्टिमंड्रम. पट्टिमंड्रम म्हणजे तमिळ मुलखातली वादाची सभा. एक विषय, दोन बाजू, मध्ये निवाडा देणारा पंच. सणाला पुरणपोळी नसली तरी चालेल, पट्टिमंड्रम हवा. गल्लीचा पंच ठरलेला, निवृत्त शिक्षक हरिप्रसाद सार. सरांना तिथे सार म्हणतात. आणि गल्लीचा एक दंडकही ठरलेला. नवरा-बायको दोघं बोलणार असतील, तर त्यांना एका बाजूला बसवायचं नाही. "घरी एकमत होत नाही, ते इथे कशाला दाखवायचं?" असं सार म्हणायचे.

त्या वर्षी विषय निघाला तो टीव्हीवरच्या भांडणातून. राज्याने पेट्रोल-डिझेलवरचा आपला कर काढून टाकावा आणि तेवढी रक्कम वस्तूंच्या विक्रीवर कर लावून उभी करावी का? वेंकटरावांचं नाव 'काढावा' या बाजूला कुणी न विचारताच लिहिलं गेलं. मग दंडकाप्रमाणे सुंदरी 'काढू नये'कडे.

"कायद्यात बसतं की नाही, ते दिल्ली आणि चेन्नईवाले बघतील," हरिप्रसाद सारांनी सुरुवातीलाच सांगितलं. "आपण न्याय बघू."

वेंकटराव उभे राहिले तेव्हा हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. छिन्नी नसली की त्यांचे हात पोरके होतात. शेवटी ते नेहमीसारखे मागे बांधले आणि सुरुवात केली.

"आमच्या भीमसेनाने विजेची स्कूटर घेतली. छान आहे. आवाज नाही, धूर नाही, आणि पेट्रोलचा कर तर नाहीच. पण बाबा, रस्ता तोच ना? खड्डा माझ्या मोपेडला दिसतो, तुझ्या स्कूटरला दिसत नाही का? रस्ता दोघांचा, वर्गणी माझी एकट्याची!"

पहिल्या रांगेत भीमसेन ओशाळं हसला. लोकांना रंग चढला.

"उद्या अस्के विजेवर गेले, की रस्त्याची वर्गणी भरायला उरणार मी आणि पंपवाला. आणि आज तरी हा कर पंपावर थांबतो का? तो लॉरीत बसून तांदळाबरोबर येतो. माझ्या मागच्या सीटवर बसून गिऱ्हाइकाच्या घरी येतो. एका खेड्यात एक बाई इडल्या विकते. तिने जन्मात पेट्रोल विकत घेतलं नाही. तरी तिची इडली लहान होणार आहे. मग हा लपाछपीचा खेळ कशाला? उघड दुकानावर लावा, अस्क्यांनी चिमूटभर द्या, आणि त्या बाईची इडली मोठी राहू द्या!"

टाळ्या पडल्या. वेंकटराव बसले, आणि घाम पुसताना त्यांना वाटलं, आपण एवढं बोललो?

मग सुंदरी उठली. "समोर आमचे हे बसलेत, म्हणून मी जपून बोलेन असं कुणी समजू नये."

"समजलोच नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ती बघा, कोपऱ्यात शेजारच्या दिव्यश्रीची आजी बसलीय. वर्षातून एकदा घराबाहेर पडते, रामनवमीला, तीही चालत. तिने साबणावर, चपलेवर, गुडघ्याच्या तेलावर कर द्यायचा. कशासाठी? तर मोटार काढून कुंभकोणमला नुसती कॉफी प्यायला जाणाऱ्याला पेट्रोल स्वस्त व्हावं म्हणून! जो जाळेल, त्याने द्यावं. कमी जाळ, कमी दे. आणि धूर कोण खातं? रस्त्याकडेला बसून ती आजीच खाते. खोकला तिचा, कर पण तिचाच?"

आता टाळ्या तिला. सुंदरीने कागदाकडे बघितलं. कागदावरचं संपलं होतं, पण तोंड थांबलं नाही.

"आणि ती इडलीवाली. मला ठाऊक आहे ती कोण. तिची इडली सरकारने लहान केली म्हणतात. पण तिच्याकडून रस्त्याचे पैसे घेऊन आलं कोण? ज्यांना सरकारचा कर अख्ख्या राज्यावर पसरायचाय, त्यांनी आपल्या मोपेडचा रस्ता मात्र एकट्या भुवनावर टाकला!"

सुंदरीने ओठ चावला, पण सुटलेला शब्द कुणाच्या हाती येतो? मग हशाचा जो लोट आला, त्यात हरिप्रसाद सारांची घंटासुद्धा ऐकू येईना.

उत्तर द्यायचा हक्क होता. वेंकटराव सावकाश उठले. "मग मी केलं ते बरोबर केलं, नाही का?" ते बायकोकडे बघून म्हणाले. "जिच्यासाठी पेट्रोल जळलं, तिने दिलं. तुझ्याच बाजूचा कायदा तो. मला हार घाल."

हरिप्रसाद सारांनी टेबलावर थाप मारली. "अय्यो! नवरा-बायकोला वेगळं बसवलं, तर दोघं उठून एकमेकांच्या बाजूला जाऊन बसले!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. हसले नाहीत ते एकटे वेंकटराव. ते माइक सोडून जाईनात.

"सार, एक विचारतो. सुंदरी बोलली ते खोटं नाही. त्या गावाचा रस्ता मी अस्क्यांवर पसरतो. यापुढे गल्लीत टाकी द्यायला आलो, की दर थोडा जास्त पडेल. मघाशी ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांनी हात वर करावेत."

ताडाच्या पंख्यांना एकदम फार काम लागलं. कुणी पानकमच्या पेल्यात काही पडलंय का ते बघू लागलं, कुणाला चपला कुठे काढल्या ते आठवेना. एकच हात वर गेला, आजीचा. पण तिला मुळात ऐकू येत नाही. तिला आणखी पानकम् हवं होतं.

"वेंकटण्णा," भीमसेन म्हणाला, "वाद तो वाद. त्यात खरे पैसे कशाला आणता?"

सारांनी निवाडा दिला. पेट्रोलवरचा कर राज्याने ठेवावा. तो उचलून दुकानांवर टाकला, तर धावणाऱ्याचं ओझं चालणाऱ्याच्या डोक्यावर येईल. मात्र विजेच्या गाड्यांनीही रस्त्याची काही वर्गणी द्यावी. यावर भीमसेन उठून काहीतरी बोलू लागला, पण तेवढ्यात आरती सुरू झाली. सुंदरीला बक्षीस म्हणून स्टीलचा झाकणाचा डबा मिळाला.

घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवून ती म्हणाली, "माझं चुकलं. घरातलं अस्क्यांसमोर काढलं."

"घरातलं काढलंस, पण खोटं नाही काढलंस."

"तुम्ही खरंच दर वाढवणार?"

"तू तर पसरण्याच्या विरुद्ध जिंकलीस. तूच सांग."

सुंदरी पायरीवर त्यांच्याशेजारी बसली. "सरकारने पसरू नये, असंच मला अजून वाटतं. दुकानात साबण घेणारी चालत आली की मोटारीतून, सरकारला काय कळणार? पंपावर निदान गाडी तरी दिसते. तुमचं तसं नाही. तुमच्या वाटेवरच्या प्रत्येक घरात काय शिजतं, कुणाचं किती चालतं, ते तुम्हाला ठाऊक असतं. सरकारला भुवना माहीत नाही हो. तुम्हाला आहे."

"आणि गिऱ्हाइकं तुटली तर?"

"तुटतील," ती म्हणाली. "थोडी तुटतील." खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तुटली. भीमसेनाने ग्राइंडर बाजारातल्या दुकानात नेला आणि जाताना मुद्दाम वेंकटरावांच्या दारावरून नेला. पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरांनी बोलावणं बंद केलं. एका मामीने दर ऐकून आधी भांडण केलं, मग पैसे दिले आणि मग पुन्हा भांडण केलं. दिव्यश्रीच्या आईने मात्र कुरकुर न करता दिले. वर म्हणाली, "आजी त्या दिवशी पंधरा मिनिटं हात वर करून बसली होती. तिचा मान राखायला नको?"

मंगळवारी वेंकटराव वडक्कुकरैला गेले. भुवनाच्या ग्राइंडरला टाकीची गरज नव्हती. तरी आधी तिच्याच अंगणात गाडी लावली आणि मागच्या वेळचे रस्त्याचे पैसे तिच्यापुढे धरले.

भुवनाने हात पुढे केला नाही. तिचा चेहरा उतरला.

"सोडताय गाव?" तिने विचारलं. "म्हणून परत करताय?"

"छे, छे! येणार आहे. दर मंगळवारी येणार. रस्त्याचे पैसे घेणार नाही, एवढंच."

"मग पेट्रोल?"

वेंकटरावांनी पट्टिमंड्रमची सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं, ऐकून ती हसेल. भुवनाच्या भुवया मात्र जवळ आल्या.

"म्हणजे राजवाड्याची माणसं माझ्या दगडाचा खर्च करणार? मी त्यांच्या दारात मागायला गेले होते, रायरे? तुम्ही माझं नाव तिथे माइकवर घेतलंत?"

"मी नाही घेतलं. माझ्या बायकोने घेतलं."

"मोठा फरक आहे!"

आता काय सांगावं? वेंकटरावांना घाम फुटला. सभेत फुटला होता त्याहून जास्त. "ऐक, भुवना. दान नाही हे. दगडाचा दर वाढलाय, तो अस्क्यांना. तुलासुद्धा. पुढच्या टाकीला तूही वाढीव दरच द्यायचास. राजवाड्याच्या गल्लीत जो दर, तोच तुझ्या अंगणात."

"तोच? एक पैसा कमी नाही?"

"कमी नाही, जास्त नाही."

भुवनाने विचार केला. मग त्यांच्या हातातले पैसे घेतले, त्यातून वाढीव दराचा फरक बाजूला काढून त्यांना परत दिला, आणि बाकीचे कमरेला खोचले.

"मागच्या टाकीचाही फरक घ्या. ते माझा रस्ता भरणार असतील, तर मी त्यांचा भरते."

"अगं, त्यांचा रस्ता केवढा? माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत!"

"केवढाही असो. भरते म्हटलं ना?"

वेंकटरावांनी पैसे खिशात टाकले. भुवना तोवर कुंपणाशी गेली होती. रायर आलेत, दगडाचा नवा दर असा असा आहे, ज्यांना हवंय त्यांनी ग्राइंडर बाहेर काढा, असं तिने खणखणीत आवाजात पलीकडे सांगितलं. पलीकडून लगेच एका बाईचा आवाज आला, एवढा कसला दर, सोन्याची छिन्नी आहे का?

"राजवाड्यालाही तोच आहे!" भुवना ओरडली. "मी दिलाय. तू काय राणी लागून गेलीस?"